वैद्यबुवांनी सांगितलेलं कडं

गावातली निम्मी पोरं मावशीच्या हातांवर जन्मली होती. ती सुईण होती, पण बाळंतिणीपासून बाळाच्या आजीपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. चौथ्या मुलीच्या वेळी तिचं स्वतःचं बाळंतपण अडलं आणि तेव्हापासून तिचं अंग बाहेर यायला लागलं. बादली उचलली, जिना चढला, नुसतं जोरात खोकलं तरी ओटीपोटात अशी ओढ बसायची की भिंतीला धरून उभं राहावं लागे. दोन वर्षं तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. मग एकदा एका बाळंतिणीच्या घरी ती अर्ध्या जिन्यात बसली ती बसलीच. वर बाळ शेजारणीनं सोडवलं. त्या दिवसापासून मावशीनं बाळंतपणं घेणं बंद केलं.

नवरा कातारी. पुढच्या खोलीत बसून पलंगाचे पाय, भोवरे, दारांच्या मुठी कातायचा. त्यानं यंत्र थांबवून विचारलं, "काय होतंय ते सांगणार आहेस का?"

"बायकांचं आहे."

"म्हणून तर विचारतोय. मला बायको एकच आहे."

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला पुलाजवळच्या वैद्यबुवांकडे घेऊन गेला. वैद्यबुवांनी ऐंशी ओलांडली होती, हात स्थिर होते, कान मात्र गेले होते. तपासायची खोली आणि बाहेरची पेशंटची बाकं यांच्यामध्ये एक पडदा, बस.

"काय त्रास आहे?"

मावशी पुटपुटली.

"मोठ्यानं बोला, बाई. माझे कान माझ्याआधी म्हातारे झालेत."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा कानामागे हात धरला. शेवटी दोन वर्षं दाबून ठेवलेलं तिनं ओरडून सांगितलं, "माझं अंग बाहेर येतं." पडद्यापलीकडची खोकलाखोकली एकदम थांबली.

वैद्यबुवांनी आपल्या बायकोला सोबतीला बोलावलं आणि मावशीला नीट तपासलं. हात धुता धुता ते म्हणाले, "तुम्ही सुईण. इतर बायकांना हे होतं तेव्हा काय सांगता?"

"सोसा म्हणते. मलाही तेच शिकवलं."

"शिकवणारे चुकले. घराचं आढं खचलं तर खाली टेकू देतो ना आपण? इथेही टेकूच हवा."

मग त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं आणि कागदावर एक गोल काढून दिला. "कठीण लाकडाचं कडं काता. एकही कुसळ राहता कामा नये. वर मेणाचा थर द्या. हे आत बसलं की गर्भाशय जागेवर राहील. दर आठवड्याला काढायचं, गरम पाण्यानं धुवायचं, पुन्हा मेण लावायचं. आधी आठ दिवस कंबरेखाली उशी घेऊन पडून राहायचं. त्यानंतर कडं. जड उचलायचं नाही."

"माप किती?"

"ते हिलाच कळेल. नीट बसेपर्यंत करत राहा."

बाहेर पडताना बाकावरच्या शिंपिणीनं मावशीचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला ते बसलं, तर मलाही सांगाल?"

मावशी आठ दिवस पडून राहिली. घर मोठ्या मुलीनं सांभाळलं. नवव्या दिवशी पहिलं कडं बसवलं तर तिला खाली बसवेना. दुसरं उभं राहताच निसटलं. तिसरं रुतलं, चौथं फिरलं. नवरा प्रत्येक वेळी मुकाट्यानं नवं लाकूड घ्यायचा. "इतकं नाक मुरडणारं गिऱ्हाईक पहिलंच," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

पाचवं कडं बसलं. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. मग मुद्दाम जोरात खोकली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?" नवऱ्यानं घाबरून विचारलं.

"काही नाही. अहो, काहीच होत नाहीये." आणि तिला रडू फुटलं.

महिन्याभरानं बेकरीवाल्याच्या घरून बोलावणं आलं. सून अडली होती, घर चौथ्या मजल्यावर. मावशी भिंतीला हात न लावता बावन्न पायऱ्या चढली. बाळ पायाळू होतं. तिनं दोन तास झुंजून ते बाहेर काढलं, आणि त्याच्या रडण्यानं खालची भट्टीवरची माणसंसुद्धा जिन्यात येऊन उभी राहिली.

शिंपिणीला तिनं दुसऱ्याच दिवशी निरोप धाडला. मग ज्यांना ज्यांना "सोसा" म्हणाली होती, त्यांच्या घरी ती स्वतः गेली. सर्वांत जुनी होती नदीपलीकडची चांभाराची आई. अकरा वर्षं ती उंबऱ्याबाहेर फारशी पडली नव्हती, पुलाअलीकडे दिलेल्या लेकीच्या घरीसुद्धा गेली नव्हती.

"आजी, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," मावशी म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं. बस आधी, पाणी पी. मग दाखव काय आणलंयस."

आजीचं माप तिसऱ्या खेपेला जमलं. पुढच्या आठवड्यात ती मावशीचा हात धरून निघाली. पुलाच्या मध्यावर तिनं तो हात सोडला आणि अलीकडच्या काठावर लेकीच्या दारापर्यंत एकटी चालत गेली.