परत दाखव

आमचा दादासो स्वतःला सिनेमावाला म्हणवायचा. कोल्हापूरच्या एका स्टुडिओतून त्याला हाकललं, कारण नटी रडत असताना हा पठ्ठ्या कॅमेऱ्यात तिच्या चपला टिपत बसला. "तोंडं खोटं बोलत्यात, पाय न्हाई," हे त्याचं तत्त्वज्ञान. त्या तत्त्वज्ञानासाठी शेत विकून कॅमेरा घेतला आणि दहा वर्षांत एकच सिनेमा काढला: उंब्रजला बहिणीच्या लग्नात वावरलेले पाय. इस्लामपूरच्या सिनेमाच्या तंबूत मी मशीन चालवायचो, तिथं तो एकदा लावला. पाचव्या मिनिटाला लोकांनी शेंगांची टरफलं फेकून तो बंद पाडला. पुन्हा बघतो म्हणणारा मायेचा पूत काही त्याला भेटला नाही.

चव्वेचाळीस साली फौजदाराला खबर लागली, की त्या लग्नाला दादासोचा धाकटा भाऊ नाथाजी येऊन गेला होता. नाथाजी पत्री सरकारातला, दोन वर्षं फरार. सापडला असता तर फासावरच गेला असता. फौजदारानं आम्हा दोघांना धरलं आणि भर दुपारी, गुळाच्या वखारीत, खिडक्यांना पोती लावून सिनेमा दाखवायला लावला.

मी खुशीत होतो. पायांवरून कोण कुणाला ओळखणार? पण दादासोचं तोंड पांढरं पडलेलं. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "गड्या, नाथाच्या डाव्या पायाला अंगठा न्हाई. उसाच्या चरकात गेलाय. वारंटात बी तसंच ल्हिलंय."

आता बोंबला! मशीन तर सुरू झालेलं.

पाय आले, पाय गेले. दहाव्या मिनिटाला फौजदार घोरायला लागला. नेमका तेव्हाच तो पाय आला. अंगठ्याविना, चिखलानं भरलेला, नवरीच्या हळदीच्या पावलांपाशी येऊन थांबला. नवरीची पावलं एकदम पुढं धावली. काय टिपलं होतं लेकाच्यानं! मला रडू आवरेना.

माझ्या हुंदक्यानं फौजदार जागा झाला. पडद्यावर तोवर वऱ्हाड्यांचे जोडे आले होते.

"जोडे बघून रडतोस? मधे काय होतं? मागं घे. परत दाखव!"

परत दाखव! ज्या दोन शब्दांसाठी दादासो दहा वर्षं झुरला, ते म्हणावेत कुणी, तर फौजदारानं. दादासोनं रीळ उतरवलं, पोटाशी धरलं. मला वाटलं, आता हा खरंच परत लावतोय. तेवढ्यात त्यानं ते जमिनीवर ठेवलं आणि काडी ओढली. फिल्मच ती, क्षणात भडका उडाला.

"गाढवा, काय केलंस हे!" फौजदार ओरडला.

"भिकार हुता, सायेब," दादासो म्हणाला आणि ढसाढसा रडला.