कोचीतली आत्या

जयराजला फिरायची हौस दांडगी आणि खिसा बेताचा. शिरवळच्या कंपनीतला पगार घरभाड्यात आणि गाडीच्या हप्त्यात कधी जिरायचा ते कळायचंसुद्धा नाही. तरी लग्नाचं वर्ष भरता भरता गड्यानं कोचीला जायचा घाट घातलाच. "जुनं बंदर हाय. बघायला पैसं लागत न्हाईत," म्हणाला. मिरजेहून रेल्वेचा साधा डबा, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, उतरायला धर्मशाळा. झाली की सहल!

स्वप्नाली निघाली, कारण तिला जायला दुसरं ठिकाणच नव्हतं. माहेर होतं हो, कवठेमहांकाळच्या बाजूला, बिरोबाच्या आरेवाडीपासून जवळच. आई लहानपणीच गेलेली, पण बाप होता, मेंढरं होती. फक्त हिनं उंब्रजच्या ऊसवाल्या घरातला, दुसऱ्या जातीतला पोरगा केला आणि बापानं, बिराप्पानं, तिच्या अण्णांनी, बोलणंच टाकलं. लग्न कचेरीत लागलं. ओटीत कुणी मूठभर तांदूळ घातले नाहीत. शेजारणी माहेरच्या गोष्टी काढायच्या तेव्हा हिला नेमकी भांडी घासायची आठवण व्हायची. बापानं एकदा नुसतं "कशी हायस?" म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीला सरकारी बोट जाते, आणि तिकीट इतकं स्वस्त की जयराज ते हातात धरून हसतच सुटला. स्वप्नालीला मात्र हसू येईना. लहानपणी गावच्या तळ्यावर मेंढरं धुताना ती पाय घसरून पाण्यात गेली होती, आणि बिराप्पानं केसाला धरून ओढून काढली होती. तेव्हापासून गुडघाभर पाणी दिसलं तरी ती दोन पावलं मागं सरायची. इथं तर समोर अख्खं बंदर पसरलेलं. बोटीनं धक्का सोडताना असा हिसका दिला की हिच्या तोंडून निघूनच गेलं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मागच्या बाकावर मासळीची पिशवी मांडीवर घेतलेली एक म्हातारी होती. ती पुढं वाकली.

"कुठली गं तू, बाई?"

"उंब्रजची," स्वप्नालीनं सासर सांगितलं.

"उंब्रजची माणसं हिसका बसल्यावर बिरोबाला हाळी घालत्यात व्हय? खरं बोल."

म्हातारीचं नाव सुलाबाई. मट्टांचेरीत तिच्या लेकाचं सोनं गाळायचं दुकान. आपल्याकडची ही गलाईवाली माणसं जाऊन बसली नाहीत असं गाव देशात सापडायचं नाही, हे जयराजच्या कुठं ध्यानात होतं? खोदून खोदून विचारत म्हातारीनं धक्का यायच्या आत बापाचं नाव काढून घेतलं. म्हातारीचं माहेर बिराप्पाच्याच गावचं.

"म्हंजी मी तुझी आत्याच की," ती म्हणाली. "दुपारी जेवायला या. दुकान कुणालाबी इचारा."

मग दोघं फिरली. मासे धरायची चिनी जाळी पाण्यात उतरताना बघितली, जुन्या चर्चच्या गारव्यात बसली, सुंठीच्या वासानं भरलेल्या गल्लीतून चालली. राजवाड्याच्या दारातून जयराज मागं फिरला. "भायेरनं बघितला तरी वाडा त्योच." एरवी स्वप्नालीनं त्याला सोडला नसता. आज तिचं लक्षच नव्हतं.

"नको जायला," ती म्हणाली. "गावात बोभाटा हुईल. अण्णांना आणखी राग यील."

"आणखी म्हंजी किती?" जयराज म्हणाला. "आता बोलत न्हाईत, मग काय करतील?"

मग ती त्याच्या मागनं दुकानाच्या वाटेला लागली.

सुलाबाईनं ज्वारीची भाकरी थापली होती, कोचीत! जेवणं झाल्यावर तिनं स्वप्नालीला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि पदरात तांदूळ, खण आणि परसातला नारळ घातला. स्वप्नालीला रडू आवरेना.

"रागवायचं त्ये बाप रागवू दे. आत्याला ते काम न्हाई," म्हणत सुलाबाईनं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"बिराप्पा, सुला बोलतीया. कोचीतनं. तुझी लेक आलीया माज्याकडं. आताच वटी भरली."

पलीकडं नुसती मेंढरं ओरडत होती. स्वप्नालीनं पदर घट्ट धरला.

"ऐकतोयस न्हवं?"

"ऐकतोय." त्यानं मेंढरांना हाकललं. "तिकडं कशी आली ती?"

"बोटीनं आली की."

"बोटीनं?" बिराप्पाचा आवाज एकदम चढला, मग खाली आला. "आवं आक्का, ती पाण्याला लय भिती. परत जाताना तिला मधी बसाय सांगा. कडंला बसू देऊ नगा." आणि फोन ठेवला.

"कशी हायस" काही तो म्हणाला नाही.

संध्याकाळच्या बोटीत जयराजनं धावत जाऊन कडेची जागा धरली आणि हात केला. तिथनं बंदर सगळं दिसत होतं, तेही फुकटात. स्वप्नालीनं मान हलवली. ओटीचा नारळ मांडीवर घेऊन ती मधल्या बाकावर, दोन परक्या बायकांच्या मध्ये जाऊन बसली.

"अगं, हितं ये की. तिथनं काय दिसतंय?"

"न्हाई," ती म्हणाली. "अण्णांनी मधी बसाय सांगितलंय."