कोयरीच्या गाठी

नांदुऱ्याला रेल्वेच्या रुळांना लागून जो कपाशीचा मोठा जिन होता, त्यात हंगामाला दोनशे माणसं राबत. कपाशीच्या गाड्यांची रांग पार वडनेरच्या रस्त्याला भिडायची. आत तीन लांबलचक खोल्या, खोलीत चोवीस यंत्रं आणि प्रत्येक यंत्रापुढे एक बाई. बाईनं ओंजळीनं कपाशी घालायची, यंत्रानं सरकी खाली टाकायची अन् रुई पुढे सोडायची. तीन नंबरच्या खोलीत चौदाव्या यंत्रावर मनकर्णाबाई बारा हंगाम बसत आली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातांपेक्षा तिचे कानच जास्त तयार झाले होते. कोणत्या यंत्राचं काय दुखतं, हे ती पाठमोरी बसूनही सांगू शकली असती.

सांगत मात्र नव्हती. मागच्या हंगामात एकदा सांगून पाहिलं, तर जुन्या मॅनेजरनं "तू इंजिनीअर लागून गेलीस काय?" म्हणत तिला आठ दिवस घरी बसवलं. तेव्हापासून खोलीतल्या सगळ्या बायांचं ठरलं होतं, हात चालू आणि तोंड बंद.

यंदा दिवाळी सरली आणि नवा मॅनेजर आला. शेषराव त्याचं नाव. मूळचा चिखलीचा, खामगावला फिटर म्हणून लागलेला अन् शिकत शिकत वर चढलेला. आल्या दिवशीच त्यानं सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि ओसरीवर उभं राहून भाषण ठोकलं. "हा कारखाना तुमचा आहे! घर समजून काम करा!"

मनकर्णाबाईच्या शेजारच्या यंत्रावर तानुबाई बसायची. तिची कुजबूज म्हणजे गावभर दवंडी. "आपला हाये म्हंते व! मंग किल्ली दे म्हना बाप्पा!"

बायांनी पदर तोंडाला लावले. ओसरीवर शेषरावचे कान लाल झाले. मुकादम पुंजाजीनं डोळे वटारले, "कोन बोललं व ते?" पण शेषरावनं हात वर करून त्याला थांबवलं आणि उरलेलं भाषण तसंच सोडून तो आत निघून गेला.

आता तानीची काही धडगत नाही, असं मनकर्णाबाईला वाटलं. रात्रभर तिला तीच काळजी.

सकाळी भोंगा झाला, यंत्रं सुरू झाली आणि शेषराव तीन नंबरच्या खोलीत शिरला. तानुबाईचं तोंड उतरलं. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. कोट काढून खुंटीला अडकवला, धोतर सावरलं अन् थेट मनकर्णाबाईच्या शेजारी फळीवर बसला.

"बाई, मी यंत्रं खोलली, जोडली. पन कपाशी कधी घातली नाई. दाखवता का?"

मनकर्णाबाई बावरली. मॅनेजर फळीवर बसलेला तिनं आजवर पाहिलाच नव्हता. तिनं पदर खोचला, दोन ओंजळी घालून दाखवल्या अन् बाजूला सरकली. शेषरावनं पहिलीच ओंजळ अशी लोटली, की बोटं रोलरच्या तोंडाशी गेली. तिनं खाडकन त्याच्या मनगटावर चापट मारली.

"हात काढा! बोटं जातीन ना!"

अख्ख्या खोलीचे हात थांबले. मॅनेजरला मारलं! शेषरावनं मनगट चोळलं आणि हसून म्हणाला, "बरं झालं. हे पुस्तकात नाई लिहेल."

त्या हसण्यानं मनकर्णाबाईची जीभ सैल झाली. "साहेब, कान द्या जरा. कचकच ऐकू येते? पातं रोलरच्या लय जवळ हाये. सरकी फुटून राह्यली, अन् तिचा चुरा रुईत चालला. हे एकच नाई, अशे सात हायेत."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगतलं होतं. आठ दिवस घरी बसोलं मले."

शेषरावनं पुंजाजीकडे पाहिलं. भिंतीशी उभा पुंजाजी उगीच पायानं सांडलेली रुई सारू लागला. मग शेषराव उठला, दारात गेला आणि इंजिनघराकडे तोंड करून ओरडला, "इंजिन बंद करा!"

ऐन हंगामात, भर सकाळी, बाहेर दीडशे गाड्या उभ्या असताना! पट्टे थांबले. छपरातल्या चिमण्यांचा चिवचिवाट कामाच्या वेळेत बारा वर्षांत पहिल्यांदा खाली ऐकू आला. शेषरावनं तिन्ही खोल्यांच्या बाया बोलावल्या, हमाल बोलावले, फिटर बोलावले.

"कालचं माझं भाषन वाया गेलं," तो म्हणाला. "तानुबाईंनी मले किल्ली मागितली. ते माझ्या हाती नाई. पन इथं काय बिघडलं, ते तुमाले माझ्याहून जास्त ठाऊक हाये. ते सांगा. कोनाले घरी बसवनार नाई, हा माझा शब्द."

मग अचानक पुंजाजीनंच तोंड उघडलं. "साहेब, त्या वक्ती मनकर्णाबाई खरं बोलली होती. मीच मान खाली घातली." एवढं बोलून तो घाम पुसायला लागला.

आणि धरण फुटावं तसं झालं. खिडक्या गंजून बसल्यात, भुग्यानं खोकला लागतो. पाण्याचे रांजण उन्हात आहेत. फळ्या बुटक्या आहेत, कंबर मोडते. पाचव्या यंत्राचा पट्टा कधीही तुटेल. एकीचं संपायच्या आत दुसरी सुरू! शेषराव एकेक गोष्ट कागदावर उतरवत होता. कागद संपला तेव्हा त्यानं कोळशानं भिंतीवर लिहायला सुरुवात केली.

सांजेपर्यंत सगळा जिन हातोड्यांनी दणाणत होता. मनकर्णाबाई पुढे आणि दोन फिटर मागे, अशी वरात यंत्रायंत्रापाशी फिरली. ती चाक हातानं फिरवायला लावी, कान टेकवी अन् म्हणे, "अजून थोडं ढिलं कर. हां, आता बोललं बराबर!" आपण कोणाला हुकूम देतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. घरी जाताना ध्यानात आलं, तेव्हा ती वाटेत एकटीच हसली.

चार दिवसांनी शेषरावनं तिला विचारलं, "तुमची रुई पुढे कुठं जाते, पाह्यलं कधी?"

"आमाले प्रेसकडे जाऊ देत नाई, साहेब."

"चला."

तीन नंबरच्या चोवीस जणी गाठी बांधायच्या प्रेसच्या दारात उभ्या राहिल्या. माणसांनी पेटीत रुई तुडवली, वरून लोखंडी दट्ट्या हळूहळू खाली उतरला आणि खोलीभर पसरेल एवढी रुई बघता बघता एका पेटाऱ्याएवढी झाली. वर लोखंडी पट्ट्या आवळल्या, तरट गुंडाळलं. चार जणांनी ढकलली तेव्हा कुठे गाठ हलली.

"माय व!" तानुबाई म्हणाली.

मनकर्णाबाई गाठींच्या थप्पीवरून हात फिरवत चालली होती. ती एकदम थांबली. "साहेब, यातल्या आमच्या कोनत्या?"

शेषराव उत्तर द्यायला गेला अन् अडखळला. तिन्ही खोल्यांची रुई एकाच ढिगात पडत होती. कोणती कोणाची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून तीन ढीग झाले. प्रत्येक खोलीनं आपली खूण ठरवायची होती. दुपारची भाकर बाजूला राहिली आणि तीन नंबरमध्ये भांडण जुंपलं. कोणी म्हणे मोर, कोणी म्हणे तुळस. "मोर काढता काढता हंगाम सरून जाईन," असं म्हणून मनकर्णाबाईनं लुगड्याच्या काठावरची कोयरी दाखवली. फिटरनं पत्र्यात कोयरी कापली आणि काळ्या शाईची पहिली खूण गाठीवर उमटली. एक नंबरवाल्यांनी बैलाची शिंगं घेतली, दोन नंबरवाल्यांनी चांदणी. आता कोण कोणापेक्षा चोख रुई काढतं, याची अशी चुरस लागली, की भोंग्याच्या आधीच बाया यंत्रं पुसताना दिसू लागल्या.

पौषात एका बुधवारी मुंबईच्या पेढीचा पारखी आला. मोठा फटकळ माणूस. गाठींना चिरा देऊन रुई बाहेर ओढायचा, चिमटीत ताणायचा, उजेडात धरायचा. शिंगांच्या गाठीला मान हलवली, चांदणीच्या गाठीला मान हलवली. कोयरीपाशी आला, रुई ताणली अन् पुन्हा एकदा ताणली. "अशा किती आहेत?"

"नव्वद," शेषराव म्हणाला.

"मला दोनशे पाहिजेत. शनिवारी रेल्वेच्या वाघिणीत. जमेल?"

सगळ्यांना वाटलं, साहेब हो म्हणणार. एवढा मोठा खरेदीदार! पण शेषरावनं त्याला तीन नंबरच्या खोलीत नेलं आणि चौदाव्या यंत्रापुढे उभं केलं. "यांना विचारा. गाठी यांच्या आहेत."

पारख्याच्या भुवया वर गेल्या. दिवसाला बावीस गाठी, पाहिजेत एकशे दहा. मनकर्णाबाईनं बोटांवर मोजलं.

"शनिवारी नाई जमनार," ती म्हणाली. "घाई केली तं सरकी फुटीन, अन् तुमीच नावं ठेवसान. सोमवारी सांजच्याले घ्या."

"मॅनेजरसाहेब, तुमचं काय म्हणणं?"

"बाईंनी सांगितलं तेच," शेषराव म्हणाला.

पारखी चिमटीतली रुई फुंकून टाकत म्हणाला, "सोमवार."

ते पाच दिवस! शनिवारी पाचव्या यंत्राचा नवा पट्टाच तुटला, तर शेषराव स्वतः चाकावर चढला, आणि तो उतरेपर्यंत एक नंबरच्या बाया आपली जेवणाची सुट्टी सोडून इकडे कपाशी झटकायला आल्या. शिंगांच्या बाया कोयरीच्या मदतीला! पुंजाजीनं त्या पाच दिवसांत एकदाही आवाज चढवला नाही. रविवारी तर तो स्वतःच रांजणातून तांब्या भरभरून पाणी देत फिरला.

सोमवारी दिवस कलला, तेव्हा दोनशेवी गाठ प्रेसमधून निघाली. शाई वाळायची होती, तोच हमालांनी ती रुळांकडे ढकलली. चोवीसच्या चोवीस जणी मागे धावल्या. मालगाडीच्या गार्डनं हिरवा कंदील खाली घेऊन विचारलं, "काय झालं बाई? कोण चाललं?"

"आमची रुई चालली मुंबईले!" तानुबाई ओरडली. "पोचवाले आलो!"

गाडी हलली. मनकर्णाबाई शेवटची वाघीण मुंबईच्या बाजूला दिसेनाशी होईतो उभी राहिली. तिच्या केसांत, भुवयांत रुईचे तंतू होते, आणि हसू काही केल्या तोंडावरून जात नव्हतं. मागे वळली, तर शेषराव थोडा दूर उभा. तिनं नमस्कार केला नाही, त्यानंही केला नाही. दोघं नुसते हसले.

घरी तिनं नवऱ्याला, कडूबाला, सगळी हकिगत सांगितली. पारख्याच्या भुवया कशा वर गेल्या, हे करूनही दाखवलं. शेजारची शालूबाई आली, तेव्हा तिलाही पहिल्यापासून सांगितली. ती गेल्यावर पुन्हा कडूबाकडे वळून म्हणाली, "अन् मी म्हनलं सोमवार..."

"अवं हाव," कडूबा हसत हसत म्हणाला, "तू सांग, आज भाकरी मी टाकतो." आणि खरंच परात ओढून पीठ मळायला बसला.