चौथी तार

रामटेकच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना लागून मुरमाची एक धावपट्टी होती आणि तिथून फवारणीचं विमान उडायचं. विमान लहानसं, एका माणसाचं. पण औषध मारताना ते इतकं खाली यायचं की चाकांना लोंब्या लागतील की काय असं वाटावं, आणि वाटेत विजेच्या तारा आल्या की त्यांच्या खालून निघून जायचं. चालवणारा रविंद्र तिशीतला, म्हाताऱ्या माणसाशी धड बोलणारा तिथला तो एकटाच. तारा मोजायचं काम बाबूलालकडे होतं.

बाबूलाल उमरेडचा कोष्टी. चाळीस वर्षं मागावर बसून नुसत्या नजरेने धागे मोजलेला, आणि माग मोडीत निघाल्यावर मिळेल ते करत इथवर आलेला. अक्षरओळख जेमतेम, तोंड फाटकं, पण मोजणीत कधी चुकला नव्हता. उजाडलं की तो बांध्या फिरून यायचा, आणि इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून हात वर करून बोटं दाखवायचा. तीन. काचेमागून रविंद्रही तीन बोटं दाखवायचा, मगच विमान हलायचं.

त्या सोमवारी तारा चार भरल्या.

चौथी बाकीच्यांच्या बरीच खाली होती, बारीक, फिकट, आणि तिच्यावर एकही पाखरू नव्हतं. बाबूलाल दोन्ही खांबांशी जाऊन आला. ती कोणत्याच खांबाला बांधलेली नव्हती, आणि तरी ताणलेली होती.

त्याने चार बोटं दाखवली. रविंद्रने काही न विचारता चार दाखवली आणि तेवढी बांधी सोडून दिली. तीन दिवस असंच चाललं. गुरुवारी त्या बांधीतलं धान तुडतुड्याने तांबडं पडलेलं दिसलं आणि मुकादम हेमराज तणतणत आला.

"काय गा बुढ्या, काहून येडे चाळे करून राहिला? लाइनमन पाहून गेला, तीनच तारा हायेत. मोतीबिंदू काढ पहिले."

"मोतीबिंदू तुया बापाले! चार हायेत."

"उद्या चार म्हटलं त घरचा रस्ता धर. दुसरा ठेवतो."

दुसरा न मोजताच तीन सांगणार, हे बाबूलालला ठाऊक होतं. शुक्रवारी तो त्या तारेकडे इतका वेळ पाहत राहिला की शेवटी त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला. सत्तरीत कोणाचे धड राहतात? परत येऊन त्याने तीन बोटं दाखवली.

विमान तारांखाली शिरलं तेव्हा त्याने डोळे मिटले. मागावरचा धागा तुटतो तेवढाच, बारीकसा आवाज त्याला आला. डोळे उघडले तर विमान सुखरूप पलीकडे चढत होतं.

रविंद्र उतरला. "पाहा काकाजी, काही झालं का?"

पंखाच्या कडेवर केसाएवढी रेघ उमटली होती.

"जुनी असन," रविंद्र म्हणाला, आणि माणसं दुसऱ्या फेरीचं औषध टाकीत भरू लागली.

बाबूलाल तडक बांधीत गेला. खांबांमध्ये तारा तीनच होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला. मग पायाशी, धानात, त्याला ते टोक दिसलं. उचललं तर हाताला सुतासारखं लागलं, थोडं उबदार. दुसरं टोक दोन हात अंतरावर हवेत लोंबत होतं.

तुटला धागा तसाच टाकून कोष्टी मागावरून उठत नाही. हे त्याला कोणी कधी शिकवलं, तेही आठवत नव्हतं. बोटांनी थुंकी लावली, पीळ दिला, टोकं सांधली, आणि गाठ बसल्यावर मग कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोवर धागा हातातून निसटून सरसरत वर गेला होता आणि विमानाच्या उंचीवर ताठ झाला होता, आता गाठीने पहिल्याहून पक्का.

मागे इंजिन गरजलं. आकडा विचारायला कोणी थांबणार नव्हतं. आजचा आकडा त्याने सकाळीच देऊन ठेवला होता. तो पडत-धडपडत बांधावर चढला, विमानाच्या वाटेत उभा राहिला आणि चार बोटं डोक्यावर नाचवत ओरडू लागला. विमान धानावरून सरळ त्याच्याकडे येत होतं, इतकं खाली की काचेमागचा चेहरा ओळखू यावा.

रविंद्रने त्याला पाहिलं. हसला. आणि रोजच्यासारखी तीन बोटं वर केली.