धावदोरा

चिकपेठेत हणमंतरावांचं शिंपीकामाचं दुकान होतं आणि राजाजीनगरात नवं घर. पण त्यांचा जीव अडकलेला असायचा तो समाजाच्या सभागृहातल्या मराठी पुस्तकांच्या कपाटात. त्याची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि खरं सांगायचं तर दुसरं कुणी ती मागतही नसे. तीन पिढ्या बंगळूरात काढलेली मंडळी ही! घरात मराठीत बोलत, मराठीत भांडत, पण वाचायला बसली की कन्नड पेपर उघडत. हणमंतरावांचे दोन्ही मुलगे त्यांतलेच. निपाणीच्या मराठी शाळेत शिकलेले हणमंतराव एकटेच वाचत आणि वाचलेलं मनातच ठेवत.

मग नात तुंगा वाचायला लागली आणि म्हाताऱ्याचं नशीब उघडलं. वाचायला लागली म्हणजे काय, सुटलीच! प्रामाणिक ससे, आईचं ऐकणाऱ्या राजकन्या, परोपकारी लाकूडतोडे, सगळ्यांचा नऊ वर्षांच्या पोरीनं फडशा पाडला आणि म्हणाली, "अज्जा, या कपाटात सगळे शहाणेच राहतात का हो?" तेव्हापासून हणमंतराव तिला धाडसाची पुस्तकं देऊ लागले. संध्याकाळी दोघं कट्ट्यावर बसून वाद घालत. कप्तानानं माघारी फिरायला हवं होतं, असं अज्जाचं म्हणणं. फिरला असता तर पुस्तक तिथंच संपलं असतं, असं नातीचं. त्या अर्ध्या तासासाठी हणमंतराव दिवसभर आनंदानं कात्री चालवत.

पण एका पुस्तकात वाघ निघाला. तुंगा झोपेत अशी किंचाळली की शेजारचे मल्लाप्पा काठी घेऊन धावत आले. दुसऱ्या दिवशी सुनेनं, शकुंतलानं, पदर खोचला. "मामंजी, पुन्हा असलं पुस्तक घरात आलं तर पोरीला त्या कपाटाकडे फिरकू देणार नाही. सांगून ठेवते!"

झाली का पंचाईत! गोड पुस्तक द्यावं तर नात नाक मुरडते, तिखट द्यावं तर सून डोळे वटारते. शिंप्याला यावर काय सुचणार? हणमंतरावांनी सुई काढली. पुस्तक आधी स्वतः वाचायचं आणि जिथं वाघ झेप घेतो, चोर सुरा काढतो, होडी बुडते, तेवढी पानं धावदोऱ्यानं एकमेकांना शिवून टाकायची. पान फाडायचं पाप नको, आणि सुनेचं तोंडही बंद.

"एवढी सोडून पुढचं वाचायचं. कळलं?" त्यांनी तुंगाला बजावलं.

"सरी, अज्जा, कळलं," ती इतक्या गरीबपणे म्हणाली की दुसऱ्या कुणालाही लगेच संशय आला असता. हणमंतरावांना आला नाही. सहाव्या वर्षी त्यांनीच तिच्या हातात सुई दिली होती, पण नातीच्या कौतुकात म्हाताऱ्याला तेवढं कुठलं आठवायला!

असे चांगले दिवस चाललेले असताना तुंगाच्या शाळेतल्या मैत्रिणीनं तिला कंटोन्मेंटमधल्या इंग्रजी वाचनालयात बोलावलं. "अज्जा, तिथं म्हणे भिंतीभर पुस्तकं आहेत! जाऊ का?"

"जा की. मी काय धरून ठेवलंय तुला?" हणमंतराव म्हणाले आणि सुई बोटात खुपसून घेतली.

रविवारी सबंध दिवस ती तिथं होती. परत आली ती थेट जेवायला बसली. हणमंतरावांनी विचारलं नाही, उत्तर ऐकायची छातीच नव्हती. त्यांना भीती वाटत होती, आणि ती अगदी साधी होती. पोर तिकडे गेली तर आपण वाचलेलं सांगायचं कुणाला? कपाटाला?

बेळगावहून कापड आणणाऱ्या नागोजीला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "येताना एक पुस्तक आण. धाडसाचं हवं आणि जाड हवं." पुस्तक आलं. जहाज होतं, वादळ होतं, बेट होतं. हणमंतरावांनी ते दुकानातच वाचायला घेतलं आणि त्या नादात एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. सुकाणू धरणारा म्हातारा बुडतो तिथं तर त्यांना रडूच आलं. अय्यो, हे कसं द्यायचं पोरीला? त्यांनी ती पानं नीट शिवली आणि पुस्तक तिच्या हातात ठेवलं. आता हेच काय ते तिला राखेल, असं त्यांच्या मनात होतं.

दोन दिवसांत ती कट्ट्यावर हजर. डोळे चमकत होते. "अज्जा, काय पुस्तक आहे! बेटावरचं स्वल्प लांबलंय, पण तो म्हातारा कसला भारी! बुडतानासुद्धा वादळाला शिव्या देतो!"

"हो ना!" हणमंतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "शेवटची शिवी अर्धीच राहते बघ, मला तर..." आणि थांबले. "तुंगे, हे तू कुठं वाचलंस?"

तुंगानं पुस्तक पाठीमागे लपवलं. हणमंतरावांनी पुस्तक ओढून घेतलं. पानं शिवलेलीच होती. त्यांनी चष्मा लावला. अलीकडे हात कापत असल्यानं त्यांचा टाका वाकडा जाई, आणि हे टाके कसे सरळ ओळीत बसले होते.

"उसवलंस?"

"आणि परत शिवलं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"प्रत्येक पुस्तक?"

तिनं मान डोलावली.

"आणि भीती?"

"वाटते की! पण आई जागी होऊ नये म्हणून चादर तोंडात धरते."

"लबाड कार्टी!" हणमंतराव गरजले. राग फसवणुकीचा होता की तिचा टाका आपल्याहून सरळ आल्याचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तो टिकला नाही. सगळं उघडं पडलं, आता हिला इथं धरून ठेवायला काय उरलं? त्यांचा आवाज उतरला. "जाऊ दे. यापुढे नाही शिवत मी. तू आपली इंग्रजी वाचनालयातच जा. तिथं काही कुणी पानं शिवत नाही."

"तीच तर पंचाईत आहे!" तुंगा उसळून म्हणाली. "दिवसभर बसले होते मी तिथं. एवढी पुस्तकं, आणि मजा कुठल्या पानावर आहे तेच कळेना! तुमच्या पुस्तकात कसं, कडेवरून बोट फिरवायचं. दोरा लागला की ते पान आधी."

हणमंतरावांनी पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. डोळ्यांत तेल घालून आपण इतके दिवस हिच्यापासून जे लपवलं, तेच नेमकं हिला वेचून देत होतो! त्यांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. आतून शकुंतलानं विचारलं, "काय झालं, मामंजी?"

"काही नाही गं. पाणी दे जरा," ते म्हणाले. छाती कशी हलकी झाली होती.

पुढच्या पुस्तकात डाकू होते. हणमंतराव गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून वाचत गेले. एका पानावर त्यांचाच श्वास अडकला, तसे ते थांबले. तुंगाला हेच आवडणार! त्यांनी सुईत दुहेरी दोरा ओवला, धावदोरा सोडून या वेळी घट्ट उलटी टीप घातली आणि गाठ मारताना स्वतःशीच म्हणाले, "आता उसव म्हणावं. फुटू दे जरा घाम."