एकविसावा खाका

भिंतीला कान असतात म्हणे. देवमननं मात्र पन्नास वर्षं भिंतींना तोंडं दिली. अकोल्यातल्या शाळा, अमरावतीतले विहार, बाजाराची फाटकं, कुठं म्हणून त्याचा कुंचला फिरला नव्हता? सगळ्यात मोठं चित्र बडनेऱ्याला होतं: कापूस वेचणाऱ्या एकवीस बाया. आता रस्ता रुंद होणार होता आणि ती भिंत सोमवारी पडणार होती. तेच चित्र अकोल्यात नव्या भिंतीवर काढा, असा निरोप आला होता.

काम तसं सोपं होतं. देवमन आधी कागदावर चित्र काढायचा, बायको जाईबाई रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडायची. हा झाला खाका. तो भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली, की चित्र खाली उमटायचं. ट्रंकेत वीस बायांचे खाके शाबूत होते. एकविसावा कधी झालाच नव्हता.

एकविसावी बाई म्हणजे खुद्द जाईबाई. आपला चेहरा पाहून तिनं सुई खाली ठेवली होती.

"मी नाई टोचत. आपल्याच तोंडाले कोनी सुई टोचते काय?"

देवमन हसला होता आणि तेवढा चेहरा त्यानं थेट भिंतीवर काढला होता. तेव्हा हातात जोर होता. आता जाईबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्याच्या हातात चहाची कपबशीसुद्धा वाजायची. खाक्याशिवाय तो चेहरा पुन्हा निघणार नव्हता.

रविवारी त्याची मुलगी भावना शिडीवर चढली. पातळ कागद लावून तिनं आईच्या चेहऱ्याची रेघन् रेघ उतरवून घेतली. घरी आल्यावर तिनं सुई काढली.

"बाबा, मी टोचू काय?"

"नोको. आन इकडे."

सुई घेऊन तो नुसता बसून राहिला. डोळ्यावर टोचवेना, ओठावर टोचवेना.

"नाई टोचलं तं आई राहीन कशी?" भावना हळूच म्हणाली. "उद्या भिंत पाडून राह्यले."

"तिनं नाई म्हटलं होतं वं," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला.

मग डोळे पुसून त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. "माफ कर, जाई," म्हणत पहिलं भोक पाडलं ते कानाच्या पाळीवर. तिथं तिला आधीच टोचलेलं होतं.