नेंबोची जीभ

ओलिंतोच्या घराण्यात वारसा म्हणजे घर नव्हे, जमीन नव्हे, टेकडीवरची ऑलिव्हची झाडं तर नव्हेच. वारसा म्हणजे कुठल्या गायीला कुठला वळू दाखवायचा हे ठरवण्याचा हक्क. ओलिंतोला तो बापाकडून मिळाला होता आणि बापाने तो सुखासुखी सोडला नव्हता. शेवटच्या दुखण्यात उशीवरून मान न उचलता म्हातारा म्हणाला होता, "त्या आखूड पाठीच्या गायीला आपला वळू नको." मग पाद्री आला, तेव्हा राहिलेली किरकोळ पापं त्याला सांगून टाकली.

आता ओलिंतोचे गुडघे गेले होते आणि हक्काचे दोन तुकडे करता येत नव्हते. थोरला दुइलिओ धरूनच चालला होता की हक्क आपला. धाकटी फोस्का काहीच धरून चालली नव्हती. ती नुसती कुंपणावर हात ठेवून गायींकडे बघत बसायची आणि दुइलिओला नेमकं तेच खुपायचं. बघता बघता ती म्हणायची, "हिचं पुढचं वासरू पायाने चांगलं निघेल," आणि ते निघायचं. दुइलिओ म्हणायचा, "योगायोग." घरात असे योगायोग इतके झाले होते की बाप हल्ली पाऊस पडेल का हेसुद्धा तिलाच विचारायचा.

शेवटी ओलिंतोने दोघांना एकेक जोडी लावू दिली. दुइलिओने सगळ्यात मोठ्या गायीला सगळ्यात मोठा वळू दाखवला. यामागे विचार असा की मोठं अधिक मोठं बरोबर फार मोठं. फोस्काने एक शांत, लांब पाठीची, कोणाच्या नजरेत न भरणारी गाय निवडली. दोन्ही गोऱ्हे एकाच हिवाळ्यात झाले. दुइलिओचा वुल्कानो, फोस्काचा नेंबो. ज्याने जोडी लावली त्यानेच वासराचं तोंड उघडून आत काळं आहे ना ते बघायचं, ही घरची रीत. दोघांनी बघितलं, दोघांनी "काळं" म्हणून सांगितलं. जन्मतः दोन्ही वासरं गव्हाळ होती, मग या जातीच्या रिवाजाप्रमाणे पांढरी होत गेली.

"पुढच्या वर्षी नोव्हेंबरात वळूंच्या नोंदणीचा परीक्षक येईल," ओलिंतो सूप पिता पिता म्हणाला. "ज्याचा वळू पसंत पडेल, त्याने यापुढे जोड्या ठरवायच्या. दुसरा खाटकाकडे."

"दुसरा वळू ना?" दुइलिओने विचारलं.

"बघू," ओलिंतो म्हणाला.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत वुल्कानो खरोखरच फार मोठा झाला. इटलीतल्या त्या किआनाच्या खोऱ्यातले शेजारी यायचे, त्याच्यापुढे उभे राहून "केवढा रे हा" म्हणायचे आणि पुढे जाऊन नेंबोसमोर टोपी काढायचे. नेंबोची पाठ अशी सरळ की तिच्यावर जेवण मांडावं. पुठ्ठा गोल भरलेला, पाय खांबासारखे सरळ. पापण्यासुद्धा लांब होत्या. वळूला पापण्यांचे गुण कोणी देत नाही, तरी दुइलिओला त्या पापण्या सहन व्हायच्या नाहीत. एकदा आरशात दाढी करताना त्याने आपल्या पापण्या बघितल्या आणि दाढी अर्धी टाकून उठला.

मग त्याला जीभ सुचली.

या गुरांचे केस पांढरे, पण खालची कातडी काळी लागते. नाकपुडं काळं, टाळू काळा, जीभ काळी. जिभेवर गुलाबी डाग निघाला की वळू बाद, मग पाठीवर जेवण मांडा नाहीतर लग्न लावा. इतकं सगळं बाहेरून चांगलं आहे त्या अर्थी खोट आतच असणार, असं दुइलिओने ताडलं. फोस्काने जन्मल्यावर नीट बघितलंच नसेल. किंवा बघून लपवलं असेल. हा दुसरा विचार त्याला जास्त आवडला.

दुपारच्या जेवणानंतर सगळं घर झोपायचं. दुइलिओ खिळ्यावरचा गोठ्यातला निळा डगला अंगात घालायचा आणि नेंबोच्या दावणीकडे जायचा. पहिल्या दिवशी त्याने वळूचा जबडा धरला. वळूने त्याला भिंतीशी दाबून धरलं आणि बराच वेळ दुसरीकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुइलिओने डगल्याच्या खिशात सुकी अंजिरं नेली. स्वयंपाकघरात अंजिरांची बरणी होती. ती रिकामी व्हायची आणि पुन्हा भरलेली असायची. घरात आपोआप होणाऱ्या अनेक गोष्टींत दुइलिओ हीही धरायचा.

अंजीर दिलं की नेंबो तोंड उघडायचा. दुइलिओ वाकून बघायचा. टोक काळं. कडा काळ्या. जिभेखाली काळं. एखादा डाग उशिराही उमटत असेल म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. मग विजेरी नेली. मग भिंग नेलं.

"तुझ्यात काहीतरी आहे," तो नेंबोला म्हणायचा. "मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे."

नेंबो त्याच्या मानेवर ऊन श्वास सोडायचा. द्राक्षांची तोडणी आली तोपर्यंत निळा डगला दारात दिसताच वळू आपणहून जबडा उघडून जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर काढायचा आणि डोळे मिटायचा. दुइलिओ मग जरा टेकून बसायचा आणि मन मोकळं करायचा. फोस्काबद्दल, बापाबद्दल, लहानपणी पहिल्या अंड्याचा मान कोणाला मिळायचा त्याबद्दल. ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. पलीकडच्या दावणीला वुल्कानो उभा असायचा. त्याला वैरण लांबूनच टाकली जायची, आणि तोही ती लांबूनच आल्यासारखी खायचा.

"आज दुपारी झोपला नाहीस वाटतं," एका संध्याकाळी ताटं वाढताना फोस्का म्हणाली.

"झोपलो की."

"मग खांद्यावर काय सांडलंय?"

"घाम आहे."

"हिरवा?"

"उकाडा किती आहे," दुइलिओ म्हणाला आणि पाव मोडू लागला.

नोव्हेंबरात परीक्षक आला. डॉक्टर मानेस्की नावाचा बारीक गृहस्थ, अंगात नवा कोरा ओव्हरकोट. "साहेब, याची वाट लागेल," म्हणत ओलिंतोने त्याचा कोट काढून घेतला आणि खिळ्यावरचा निळा डगला त्याला दिला.

आधी वुल्कानो. दुइलिओने रुबाबात त्याची म्होरकी धरली. वुल्कानोने दारातून उजेड बघितला, परका माणूस बघितला आणि दुइलिओला अंगण दाखवायला घेऊन गेला. कोंबड्यांचं खुराडं दाखवलं. पर्सिमनच्या झाडाला प्रदक्षिणा घातली. दुइलिओने म्होरकी सोडली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण ती धरण्यासाठी तो उभा असणं जरुरीचं आहे, असं वुल्कानोला वाटत नव्हतं. शेवटी पाण्याच्या हौदाशी थांबून वळूने मान वर केली आणि दणदणीत हंबरडा फोडला.

"पुन्हा हंबरेल का?" परीक्षकाने लांबूनच विचारलं.

वुल्कानो पुन्हा हंबरला. कामाच्या वेळी तो कंजूस नव्हता.

"जिभेवर गुलाबी आहे," परीक्षक म्हणाला. "डाव्या कडेला. वालाच्या दाण्याएवढं."

दुइलिओ चिखलात पालथा होता. त्याने मान वर केली.

"जन्मल्यावर तोंड बघितलं होतंस ना रे?" ओलिंतोने विचारलं.

"बघितलं होतं. काळं होतं."

"दिवा होता?"

दुइलिओने विचार केला. "नव्हता," तो म्हणाला.

मग नेंबोला बाहेर आणलं. म्होरकी फोस्काच्या हातात होती. परीक्षक निळ्या डगल्यात त्याच्याकडे चालत गेला. तो अजून हाताच्या अंतरावरही पोचला नव्हता, तोच नेंबोने जबडा उघडला, जीभ पार हनुवटीपर्यंत बाहेर सोडली आणि डोळे मिटले.

परीक्षक थबकला. त्याने वाकून वरून बघितलं, खालून बघितलं. अख्खी काळी जीभ आपली त्याच्यापुढे धरलेली.

वुल्कानो गेला, हक्क गेला, हे दुइलिओला कळत होतं, पण खुपलं ते वेगळंच. सबंध उन्हाळा नेंबोने जे तोंड फक्त त्याच्यासाठी उघडलं, ते या परक्या माणसासमोर, इतक्या सहज, वर डोळे मिटून. तेही दुइलिओच्याच डगल्यासाठी.

"मी इतकी वर्षं वळू बघतोय," परीक्षक म्हणाला. "याला हे शिकवलं कोणी?"

"आमच्या दुइलिओने," फोस्का म्हणाली. "रोज दुपारी शिकवायचा. मी फक्त अंजिरं भरत होते."

दुइलिओने तिच्याकडे बघितलं. ती वळूच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"बहिणीच्या वळूला?" ओलिंतोने विचारलं.

"घरचाच वळू आहे," दुइलिओ म्हणाला. तोंडातून चिखल काढता काढता माणूस याहून काय बोलणार. बापाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग खांदा कशाने माखलाय ते बघून काढून घेतला.

रात्रीच्या जेवणाला हक्क फोस्काकडे गेला. ओलिंतोने भाषण केलं नाही. त्याने पातेलं तिच्या बाजूला सरकवलं आणि म्हणाला, "लंगड्या गायीला कुठला वळू दाखवायचा ते तू बघ." ती म्हणाली, "बघितलंय." दुइलिओने तीनदा सूप घेतलं आणि एकदाही चव लागली नाही. झोपायला जाण्याआधी त्याने डगल्याच्या खिशातली अंजिरं काढून सदऱ्याच्या खिशात घातली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वुल्कानो खाटकाकडे गेला. त्या दुपारी घर झोपलं तेव्हा दुइलिओ खिळ्याशी आला, तर डगला नव्हता.

गोठ्यात फोस्का उभी होती. डगल्याच्या बाह्या तिच्या बोटांखाली लोंबत होत्या. एक हात नेंबोच्या जबड्यावर, दुसऱ्या हातात अंजीर. नुसत्या डगल्याला नेंबो एकदा फसला होता; त्याने रिकामा खिसा हुंगला, मग तोंड घट्ट मिटून तो तिच्या डोक्यावरून दाराकडे बघू लागला.

"उघडत नाही," ती मागे न बघता म्हणाली.

"काय सांगतेस."

"वसंतातल्या प्रदर्शनात मलाच न्यायचंय याला. तू नक्की काय करतोस याच्याशी?"

"काही नाही. नुसता बघतो."

त्याचा आवाज ऐकताच नेंबोने जबडा उघडला आणि जीभ लोंबती सोडली. फोस्काने हातातल्या अंजिराकडे बघितलं, मग जिभेकडे, मग भावाकडे. ते डोळे दुइलिओला ओळखीचे होते. सबंध उन्हाळा दाढी करताना त्याने तेच आरशात बघितले होते. त्याला बरं वाटलं, आणि मग तेवढं बरं वाटेना.

त्याने सदऱ्याच्या खिशातलं अंजीर काढलं, वाकून आत बघितलं. टोक, कडा, जिभेखाली.

"काळी आहे," तो म्हणाला.

"माहितीय," फोस्का म्हणाली आणि डगला काढून त्याच्या हातात दिला.